चार पेन्सची खाट

मागच्या उन्हाळ्यात आत्या आणि काका लंडनला आले होते. टॉवर ब्रिज झाला, बकिंगहॅम पॅलेस झाला, मादाम तुसाँचे पुतळे झाले (तिकिटाचे रुपये किती होतात ते काकांनी दारातच हिशेब करून सांगितलं). शेवटच्या दिवशी आत्या म्हणाली, "हे सगळं टीव्हीवर पण दिसतं रे. तू पहिल्यांदा आलास तेव्हा राहायचास कुठे, ते घर दाखव."

ते घर दाखवायची माझी फारशी इच्छा नव्हती. पण आत्यासमोर सबबी चालत नाहीत. गेलो. पूर्व लंडनमधलं विटांचं जुनं घर, दोन मजले आणि वर माळा काढून केलेला तिसरा. घर होतं तसंच आहे, फक्त दार रंगवलंय. आत्या रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चौघांना छान मोठं होतं की."

तर आता कबूल करतो. २००६ साली फोनवर मी "आम्ही चौघं राहतो" असं सांगायचो. आम्ही अकरा जण होतो. आत्या, तू हे वाचशीलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. तिथे असताना तोंडातून निघालं नाही.

परत येताना जेवायला स्पिटलफील्ड्सला थांबलो. बाहेर पडलो तर तीस-चाळीस पर्यटकांचा घोळका एका गाइडभोवती उभा. "हे काय बघतायत?" आत्याने विचारलं. रोज संध्याकाळी असतं ते. १८८८ साली या भागात बायकांचे खून करणाऱ्या जॅक द रिपरची सहल. तो कोण होता हे आजतागायत नक्की झालेलं नाही आणि खरं सांगायचं तर मला त्यात फारसा रसही नाही. त्या बायका रात्री दोन वाजता रस्त्यावर का होत्या, हा प्रश्न मला जास्त छळतो. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. खाट.

त्या काळच्या लंडनमध्ये 'कॉमन लॉजिंग हाऊस' नावाचा प्रकार होता. हॉटेल नव्हे, भाड्याची खोलीही नव्हे. एका रात्रीपुरती खाट. व्हाइटचॅपलमध्ये तिला चार पेन्स पडायचे, दोघांच्या खाटेला आठ. खाली एक मोठं सामायिक स्वयंपाकघर, त्यात सतत पेटलेली शेगडी, तिच्याभोवती सगळे बसलेले. वर खाटांच्या रांगा. घराचा कारभार बघणाऱ्याला 'डेप्युटी' म्हणत. रात्र झाली की डेप्युटी एकेकाला विचारत फिरायचा. पैसे दिले त्याने वर जायचं, नाहीत त्याने दाराबाहेर. मुंबईत 'कॉट बेसिस'वर राहिलेल्यांना वेगळं काही सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे महिन्याचा हिशेब, इथे रोज रात्री नव्याने परीक्षा.

ही घरं जुनीच, पण १८४० च्या दशकात ती सरकारच्या डोळ्यांवर आली. कारणं दोन, गर्दी आणि रोग. गर्दी कशी वाढली त्याचा एक नमुना बघा. सेंट जाइल्स ही लंडनच्या ऐन मध्यावरची बदनाम वस्ती. ती फोडून १८४७ साली न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. रस्ता झकास झाला. पाडलेल्या घरांतली माणसं मात्र हवेत विरली नाहीत, ती शेजारच्या गल्लीत सरकली. चर्च लेन नावाच्या गल्लीतल्या २७ घरांत १८४१ मध्ये ६५५ माणसं राहत होती. १८४७ मध्ये त्याच २७ घरांत १,०९५ झाली. संख्याशास्त्राच्या सोसायटीने घरोघर फिरून हे मोजलं म्हणून आज आपल्याला कळतं. शहर सुधारलं की गरीब नाहीसा होत नाही, दाटतो, हे आकड्यांनिशी.

मग १८४८-४९ चा कॉलरा आला. लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसं गेली. त्याशिवाय टायफस तर कायमचाच पाहुणा. रोज नवी माणसं येणार, त्याच गादीवर झोपणार आणि सकाळी गावभर पांगणार. रोगाला याहून चांगली सोय कोण करून देणार?

१८५१ साली, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरच्या वस्तूंचं ते मोठं प्रदर्शन भरलं त्याच वर्षी, लॉर्ड अ‍ॅशली यांनी या घरांसाठी कायदा आणला. गंमत म्हणजे विधेयक मांडलं तेव्हा ते खालच्या सभागृहात होते. जूनमध्ये वडील वारले, ते अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले आणि तेच विधेयक वरच्या सभागृहातही त्यांनीच पुढे नेलं. त्याच जूनमध्ये चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात इन्स्पेक्टर फील्डबरोबर रात्री सेंट जाइल्समध्ये फिरल्याचं वर्णन छापलं. कंदिलाचा झोत पडला की चिंध्यांच्या ढिगाऱ्यातून माणसं डोकं वर काढतात, ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

कायदा तसा साधा होता. प्रत्येक लॉजिंग हाऊसची नोंदणी. खोलीत किती माणसं झोपवायची त्याची मर्यादा. बायका-पुरुष वेगळे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भिंतींना आणि छताला चुना. तापाचा रोगी सापडला की कळवणं बंधनकारक. आणि निरीक्षकाला कधीही, अगदी मध्यरात्रीही, आत यायची मुभा. १८५३ च्या दुरुस्तीने रोग्याला इस्पितळात हलवायचा अधिकारही आला. लंडनमध्ये हे सगळं काम पोलिसांकडे सोपवलं. आरोग्याचं खातं नीटसं उभंच नव्हतं, त्यामुळे फौजदाराच्या हाती कंदिलाबरोबर चुन्याचाही हिशेब आला.

मजा अशी की लॉजिंग हाऊस म्हणजे नक्की काय, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी सरकारी वकिलांनी मत दिलं, त्याचा मथितार्थ असा: जिथे गरीब वर्गातली, एकमेकांना अनोळखी माणसं थोड्या दिवसांसाठी एकाच खोलीत राहतात ते. म्हणजे श्रीमंत अनोळखी एका छपराखाली झोपले तर ते हॉटेल, गरीब झोपले तर तपासणी.

घरात घुसणारा साहेब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर १८९७ चं पुणं येतं. प्लेग, रँड, दारं ठोठावणारे सोजिर. त्या चष्म्यातून मी हे वाचायला घेतलं होतं आणि बरंच वाचून झाल्यावर तो चष्मा थोडा पुसावा लागला. कारण या तपासणीने खरोखर फरक पडला. नोंदणी झालेल्या घरांतली गर्दी घटली, चादरी धुतल्या जाऊ लागल्या, भिंतींना चुना लागला. आणि यातली खरी गोम अशी की हे सगळं चुकीच्या समजुतीवर उभं होतं! त्या काळी डॉक्टरांची खात्री होती की रोग दूषित हवेतून होतो. म्हणून त्यांनी हवा मोजली, माणशी किती घनफूट. टायफस हवेतून येतच नाही, तो अंगावरच्या उवांमधून पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवलं (त्याबद्दल १९२८ चं नोबेल). पण हवा वाढवायची तर खाटा कमी करायच्या, आणि खाटा कमी झाल्या की उवांनाही एका अंगावरून दुसऱ्यावर जायला लांब पडतं. चुकीच्या कारणासाठी बरोबर काम. आमच्या आजीचं सोवळंओवळं बरंचसं याच जातीचं होतं.

घनफुटांचं हे वेड ग्लासगोने लंडनच्याही पुढे नेलं. तिथे लॉजिंग हाऊसच कशाला, साधी बिऱ्हाडंही मोजली. १८६२ च्या कायद्याने लहान घरांच्या दारावर पत्र्याचं तिकीट ठोकायला सुरुवात झाली. त्यावर घराचे घनफूट आणि आत किती माणसं झोपू शकतात तो आकडा. मोठ्या माणसाला ३०० घनफूट, मुलाला त्याच्या निम्मे. रात्री निरीक्षक येऊन डोकी मोजायचे. आणि तिकिटापेक्षा जास्तीची माणसं? ती कपाटात, खाटेखाली, कधी कधी चक्क छपरावर. स्कॉटलंडच्या थंडीत, छपरावर! भावाला किंवा पोटभाडेकरूला ठेवून घेतलं नाही तर भाडं भागत नाही, आणि ठेवला तर दंड. हवा त्यांच्याच भल्यासाठी मोजली जात होती, यात खोटं काहीच नाही.

आता परत व्हाइटचॅपलला येतो. १८८८ साली पोलिसांच्याच मोजणीप्रमाणे त्या भागात २३३ लॉजिंग हाऊस होती आणि त्यांत ८,५३० माणसांची सोय. म्हणजे आकडा होता. प्रत्येक घर रजिस्टरमध्ये, प्रत्येक खोलीतल्या खाटा ठरलेल्या.

३१ ऑगस्टच्या पहाटे मेरी अ‍ॅन निकोल्स थ्रॉल स्ट्रीटवरच्या लॉजिंग हाऊसमध्ये आली. चार पेन्स नव्हते. डेप्युटीने बाहेर काढलं. आत्ता मिळवून आणते म्हणून ती गेली. पावणेचारच्या सुमारास तिचं प्रेत सापडलं. आठवडाभराने, ८ सप्टेंबरला, अ‍ॅनी चॅपमन. ही डॉर्सेट स्ट्रीटच्या ३५ नंबरात राहायची. तिची नेहमीची खाट आठ पेन्सची. डेप्युटीने पुढे चौकशीत साक्ष दिली की तिच्याकडे पैसे नव्हते आणि बिअरला पैसे मिळतात, खाटेला मिळत नाहीत का, असं तो तिला बोलला होता. माझी खाट कुणाला देऊ नका, येतेच, असं सांगून ती रात्री दोनच्या आसपास बाहेर पडली. सकाळी सहाच्या आधी हॅन्बरी स्ट्रीटवरच्या एका परसात ती सापडली.

मला थांबवलं ते डॉ. फिलिप्स यांच्या साक्षीने. शवविच्छेदनात त्यांना दिसलं की तिची फुफ्फुसं आणि मेंदूभोवतीचं आवरण जुन्या आजाराने पार पोखरलेलं होतं. मृत्यूचं कारण वेगळं असलं तरी बाई खूप आजारी होती. आता विचार करा. सार्वजनिक आरोग्यासाठी केलेला कायदा. तो पाळणारं, नोंदणी झालेलं घर. आत किती हवा हवी, किती खाटा हव्यात, कुणाला ताप आहे का, सगळं बघितलं जातंय. आणि फुफ्फुसं निकामी झालेली सत्तेचाळीस वर्षांची बाई मध्यरात्री रस्त्यावर. कायद्याने कुठलाही नियम मोडला गेला नव्हता. ती आत असती तर तिला किती हवा मिळाली पाहिजे याचा नियम होता. ती बाहेर गेली तेव्हा तिचं नाव रजिस्टरमधून सुटलं, इतकंच.

डॉर्सेट स्ट्रीट आता उरलेलाच नाही. १९०४ मध्ये त्याचं नाव बदललं, मग एकेक बाजू पडत गेली आणि आज तिथे ऑफिसांची मोठी इमारत आहे. गाइड तिच्या भिंतीकडे बोट दाखवून गोष्ट सांगतो.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १८९४ मध्ये हे काम पोलिसांकडून लंडन काउंटी कौन्सिलकडे गेलं. १९०२ पासून एकदाची नोंदणी जाऊन दरवर्षीचा परवाना आला. दरम्यान डिझरायलीचे जुने सचिव लॉर्ड रोटन यांनी १८९२ मध्ये व्हॉक्सहॉलला सहा पेन्सचं, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा देणारं भलंमोठं वसतिगृह काढलं आणि मग तशी आणखी पाच. व्हाइटचॅपलच्या रोटन हाऊसमध्ये १९०७ साली स्टालिन राहून गेला, हे लंडनकर मोठ्या हौसेने सांगतात. ती इमारत आता महागडे फ्लॅट झाली आहे. कॅम्डनचं आर्लिंग्टन हाऊस मात्र बेघरांसाठी चालू आहे.

आणि जॉर्ज ऑर्वेल. बिहारमधल्या मोतिहारीला जन्मलेला हा माणूस लॉजिंग हाऊसमधून राहिला आणि 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' (१९३३) लिहिलं. त्यात त्याने कौन्सिलवर जी टीका केलीय ती मला फार नेमकी वाटते. तो म्हणतो की कौन्सिल दारू, जुगार, मारामाऱ्या यांवर बंदी घालायला तत्पर आहे. पण खाट झोपण्यालायक असावी, असा नियम मात्र कुणी करत नाही, आणि खरं म्हणजे जुगार थांबवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे. तपासणी होती, पण ती झोपणाऱ्याच्या बाजूने उभं राहून केलेली नव्हती.

हे सगळं आत्याला ट्रेनमध्ये सांगत होतो. ती म्हणाली, "यात आपली माणसं असायची का रे?" असायची. आगबोटींवरचे लास्कर खलाशी लंडनच्या गोदीत आठवडेच्या आठवडे अडकायचे आणि शॅडवेल भागातल्या असल्याच घरांत पडून राहायचे. त्यांचे हाल बघून १८५७ मध्ये लाइमहाउसला एशियाई, आफ्रिकी वगैरे परक्या खलाशांसाठी वेगळं वसतिगृह निघालं. पुढे पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे आपल्या रत्नागिरीकडचेच असत. काकांचं आजोळ दाभोळचं, ते एकदम खिडकीतून वळून बघू लागले.

आता माझं घर. २००६ साली इंग्लंडात नवा नियम लागू झाला. तीन मजल्यांच्या घरात पाच किंवा जास्त, एका कुटुंबातली नसलेली माणसं राहत असतील तर मालकाला परवाना हवा. (२०१८ पासून मजल्यांची अट गेली, आणि झोपायच्या खोलीला किमान आकार आला. एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. मी हिशेब केला: आजोबांची लालबागची दहा बाय बाराची खोली या नियमाने जेमतेम दोघांना पुरते. तिथे आत्याधरून नऊ जण वाढले.) आमचे घरमालक आपल्याकडचेच. त्यांचा आदल्या रात्री फोन आला. उद्या अकराला तपासणीला येतायत, तीन गाद्या उचला आणि तीन माणसं बाहेर पाठवा.

त्या तिघांत बापू होते. पन्नाशीचे, सांगली भागातले, रात्रभर एका बेकरीत काम करायचे. माझ्या खाटेवर ते दिवसा झोपायचे, मी रात्री. गादी कधी थंड व्हायचीच नाही. मुंबईत गिरणीतली माणसं पाळीप्रमाणे अशीच खाट वाटून घ्यायची, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी सकाळी सातला ते कामावरून आले, चहा घेतला आणि दहाला आपली वळकटी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून बाहेर गेले. फेब्रुवारी... नाही, मार्च असेल तेव्हा. बाहेर पावसाची बुरबुर होती.

तपासणीला आलेली बाई कडक असेल असं वाटलं होतं. तशी नव्हती. तिने प्रत्येक खोली टेपने मोजली, खिडक्या उघडून बघितल्या आणि स्वयंपाकघरातल्या गॅस बॉयलरपाशी आल्यावर तिचा चेहरा बदलला. तो तिने जागच्या जागी बंद करवला. धुराची वाट बुजली होती, विषारी वायू घरात येत होता. आम्हाला महिनाभर सकाळी डोकं जड का वाटायचं ते तेव्हा कळलं. म्हणजे बाईंनी आमचा जीव वाचवला असं म्हटलं तरी चालेल. दोन आठवड्यांत नवा बॉयलर आला, जिन्यात धुराचे अलार्म बसले, दारं बदलली.

आणि परवाना आला. आठ माणसांचा. आम्ही अकरा.

कुणी जायचं याची चर्चा अशी झालीच नाही. स्वतःची खाट नव्हती त्याने जायचं, हे आपोआप ठरलं. माझ्या डोक्यात तेव्हा विचार आला नाही असं नाही. आला, की चला, खाट आता पूर्ण आपली. भाडं वाढलं, पण चादर थंड मिळायला लागली. हे आत्याला ट्रेनमध्ये सांगता आलं नाही, म्हणून इथे.

"मग ते बापू गेले कुठे?" तिने विचारलंच.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला होता. त्यांचा लोखंडी तवा आमच्याकडे राहिला होता. मी रविवारी नेऊन दिला. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होते, खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. बेल नव्हतीच, खालून हाक मारली. ते चपला घालून खाली आले, तवा घेतला, तब्येतीची चौकशी केली, नव्या बॉयलरची केली. आम्ही रस्त्यावर पाच-सात मिनिटं बोललो असू. वर चल, चहा घे, असं ते म्हणाले नाहीत.